सव्वीस नंबरचं हृदय

१

मंगळवारी सकाळी साडेनऊ वाजता माझ्या टेबलावर एका मेलेल्या माणसाचा ईसीजी येऊन पडला.

अर्थात तो माणूस मेलेला आहे हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. हृदयविकाराच्या झटक्यानंतर द्यायच्या एका नव्या गोळीची चाचणी आमच्या रुग्णालयात दोन वर्षं चालू होती. अशी चाळीस रुग्णालयं, त्यातलं आमचं एक. आमच्याकडच्या साठ रुग्णांचे फोन, तारखा, फायली असं सगळं समन्वयक मुलगी एकटी बघायची. तिचे कागद इतके नीट असायचे की आम्ही तिला टापटीपच म्हणायचो. त्या दिवशी ती दातांच्या डॉक्टरकडे गेली होती, म्हणून मुख्य केंद्राची चौकशीची चिठ्ठी माझ्याकडे आली. मी ईसीजी खोलीची प्रमुख. एकतीस वर्षं लोकांच्या छातीला वायरी लावते आहे.

चिठ्ठीत लिहिलं होतं, 'रुग्ण क्रमांक सव्वीस. अठरा महिन्यांच्या भेटीतल्या ईसीजीनुसार हृदय उजव्या बाजूला आहे. पहिल्या ईसीजीत ते डावीकडे होते. खुलासा करावा.'

मला हसू आलं. हृदय म्हणजे काय भाड्याचं बिऱ्हाड आहे, आज इथे तर उद्या तिथे? मी फाइल काढून ईसीजीची पट्टी बघितली. खरंच, सगळा आलेख उलटा होता. प्रत्येक ठोक्याच्या पायथ्याशी एक बारीक उतारही होता, तो जरा डोळ्यांत खुपला, पण पट्टीच उलटी म्हटल्यावर मी त्यात शिरले नाही. कोणीतरी घाईत वायरी चुकवल्या असणार. कोपऱ्यात आमच्या शिकाऊ डॉक्टरची सही होती. त्याचं नावच आम्ही धांदल ठेवलेलं, त्यामुळे मला नवल वाटलं नाही. सव्वीस नंबरला बोलावून पुन्हा पट्टी काढू, असं म्हणून मी फोन लावला.

मुलाने उचलला.

"वडिलांना उद्या जरा पाठवता का? पाच मिनिटांचं काम आहे."



"चेष्टा करताय का?" तो म्हणाला. "बाबांना जाऊन साडेतीन महिने झाले."

माझी नजर पट्टीवरच्या तारखेवर गेली. ती यंत्र स्वतःच छापतं. पट्टी पाच आठवड्यांपूर्वीची होती. वेळ सकाळी सात वाजून बारा मिनिटं.

"तुमच्याकडून फोन आला होता तेव्हाच मी सांगितलं होतं," मुलगा म्हणाला. "दवाखान्याचा नंबर दिसला, तसं उचलल्याउचलल्या म्हटलं, बाबा परवाच गेले. पलीकडून एक शब्द नाही. नुसता श्वास ऐकू येत होता. मग ठेवून दिला."

त्याच आठवड्याचा छापील कागद माझ्यासमोर फाइलमध्ये होता. 'फोनवर बोलणे झाले. प्रकृती उत्तम. रोज अर्धा तास चालतात.'

२

आता माझी पाचावर धारण का बसली, ते सांगते.

आमच्या घरी रोज सकाळी आठ वाजता माझे यजमान हीच गोळी घेतात. रुग्ण क्रमांक एकेचाळीस. दीड वर्षापूर्वी जिन्याच्या सातव्या पायरीवर त्यांना झटका आला होता. आज ते तीन मजले न थांबता चढतात आणि वर माझ्या दमण्याला हसतात. एकदा विभागात चहा पिताना मी सगळ्यांदेखत म्हणाले होते, "ही चाचणी बंद पडली आणि गोळ्या थांबल्या, तर मी काय करू? माझा जीव त्या बाटलीत आहे."

खरं तर त्या बाटलीत काय आहे, हे आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं. अशा चाचणीत अर्ध्या लोकांना खरी गोळी मिळते, अर्ध्यांना तशीच दिसणारी खोटी, म्हणजे आत औषधच नसलेली. कोणाला कुठली, ते ना रुग्णाला कळतं ना डॉक्टरला. ती यादी दूर कुठेतरी एका समितीकडे असते. ती समिती मृत्यू मोजत बसते, आणि पारडं एका बाजूला फार झुकलं की चाचणी थांबवते.

आमच्याकडून तिला दोन वर्षांत एकच मृत्यू कळवलेला होता. बावन्न नंबरच्या शिवणकाम करणाऱ्या बाई. दर भेटीला माझ्या कोटाची उसवलेली शिवण बघून च्च च्च करायच्या. तीन आठवड्यांपूर्वी त्या आमच्याच अतिदक्षता विभागात गेल्या.

दुपारपर्यंत मी उरलेल्या सगळ्यांना फोन केले. अकरा नंबर तीन महिन्यांपूर्वी गेले होते. चाळीस नंबर अडीच महिन्यांपूर्वी. दोघेही आपापल्या घरी गेले होते आणि दोघांच्या फायलींत 'प्रकृती उत्तम' होतं.

तीन मृत्यू कोणीतरी गिळून टाकले होते. माणूस मृत्यू कधी लपवतो? औषध मारत असेल तेव्हा, दुसरं काय!

बुधवारी सकाळी यजमान दाढी करत होते, तेव्हा मी त्यांची बाटली उचलून माझ्या पर्समध्ये टाकली आणि त्यांच्या वाटीत तशाच पांढऱ्या रंगाची एक जीवनसत्त्वाची गोळी ठेवली. त्यांनी ती पाण्याबरोबर घेतली, माझ्याकडे पाहिलं आणि वर्तमानपत्र उघडलं. माझे हात इतके थरथरत होते की मी ते पदराखाली लपवले.

३

मोठ्या डॉक्टरांनी, म्हणजे आमच्या विभागप्रमुखांनी, मंगळवारी संध्याकाळीच तिन्ही मृत्यू समितीला कळवले होते. कळवताना त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"संशय घ्यायचा तर पहिला माझ्यावर घ्या, बाई," ते म्हणाले. "चाचणी माझी, नाव माझं. बंद पडली तर नुकसानही माझंच."

"ईसीजी खोलीची किल्ली कोणाकोणाकडे आहे?"

"माझ्याकडे, तुमच्याकडे, टापटीपकडे, धांदलकडे आणि औषधांच्या कोठीत." त्यांनी बोटं मोजली. "सकाळी सातला मी फेरीवर असतो. पण तेव्हा मला कोणी पाहिलं, हे मी सिद्ध करू शकणार नाही. लिहून ठेवा."

मी लिहून ठेवलं. पंचवीस वर्षांपूर्वी हेच गृहस्थ विद्यार्थी म्हणून माझ्या खोलीत आले होते आणि पहिल्याच दिवशी छातीला लावायच्या जेलीची बाटली सांडली होती. माझ्याकडे शिकणाऱ्या प्रत्येकाला मी आधी खाटेवर आडवं करते. दुसऱ्याच्या छातीला हात लावण्याआधी स्वतःची छाती उघडी टाकून कसं वाटतं, ते कळू दे. प्रत्येकाची ती पहिली पट्टी मी कपाटावरच्या बिस्किटांच्या डब्यात जपून ठेवते. आणि मग सगळ्यांकडून घोकून घेते, 'लाल वायर माझ्या डाव्या हाताला, पिवळी माझ्या उजव्या हाताला, छातीचे सहा बल्ब मधून माझ्या उजवीकडे.' बल्ब म्हणजे छातीला चिकटवायचे रबरी गोळे. पुस्तकात रुग्णाची उजवी-डावी दिलेली असते. पण समोर माणूस तळमळत असताना त्याची उजवी आपल्याला डावीकडे दिसते आणि पोरं गोंधळतात. म्हणून ही माझी पद्धत. मोठे डॉक्टरही तीच घोकून मोठे झाले, पुढे टापटीप आणि धांदलही.

धांदल माझ्या समोर बसला तेव्हा त्याच्या शर्टाची बटणं वरखाली लागली होती.

"सकाळी सात? बाई, सात वाजता मी फक्त स्वप्नात उठतो."

"मग पट्टीवर सही कोणाची?"

तो रडकुंडीला आला. "गठ्ठा होता टेबलावर. न बघताच सह्या ठोकल्या. माझी नोकरी जाईल का हो?"

"गठ्ठा कोणी ठेवला होता?"

"नेहमीचाच गठ्ठा. तिथे सगळेच कागद ठेवतात."

टापटीप बुधवारी एक गाल सुजलेला घेऊन आली. मी सांगितलं तशी ती खुर्चीत मटकन बसली. मग उठून तिने तिन्ही फायली माझ्यासमोर कडेला कड जुळवून ठेवल्या. "बाई, फोनचे कागद माझ्या संगणकावरून निघतात, पण तो दिवसभर उघडाच असतो," ती म्हणाली. "कोणीही येऊन टाइप करू शकतं." मग तिने विचारलं, "काका कसे आहेत?"

"बरे आहेत," मी म्हणाले. माझ्या पर्समध्ये बाटली खुळखुळली.

४

औषधांच्या कोठीतल्या गृहस्थांना सगळे गोळीमास्तर म्हणतात. त्यांचा खण उघडायला लावला तर सगळ्यांत आत सव्वीस नंबरची अर्धी भरलेली बाटली.

"ही तुमच्याकडे कशी?"

"मुलाने परत आणून दिली. म्हणाला, आता लागणार नाहीत. मी मोजून ठेवली."

"का लागणार नाहीत, हे विचारलं नाहीत?"

"मला वाटलं, बरे झाले." त्यांनी कपाळावरचा घाम पुसला. "बाई, मी गोळ्या मोजतो. माणसं मोजणं माझ्याकडे नाही."

मला त्यांना धरून हलवावंसं वाटलं. पण ते खरोखर घाबरले होते, आणि घाबरलेल्या माणसाला गप्प बसवत नाही. तेही बोलू लागले.

"एक सांगू? शीतकपाटाचं तापमान बघायला मी रोज सातला येतो. महिनाभरापूर्वी, सव्वा महिना म्हणा, तुमच्या खोलीच्या दाराखाली उजेड दिसला. यंत्राची किरकिर ऐकू येत होती. मी विचारलं, कोण आहे? यंत्र थांबलं. उजेड गेला. पण दार काही उघडलं नाही. माझी हिंमत झाली नाही, मी आपला पळालो."

"दुसरं कोणाचं बोलणं? खोकणं?"

"छे. एकच माणूस होता आत. एका माणसाची चाहूल कळते ना."

त्यांचं हे बोलणं माझ्या डोक्यातून जाईना. एकच माणूस. ईसीजी काढायला दोन माणसं लागतात, एक खाटेवर आणि एक यंत्राशी. मग खाटेवर कोण होतं?

तो आठवडा मी कसा काढला, मलाच माहीत. समितीचं उत्तर येत नव्हतं. बोळातून जाताना चारही जण माझी नजर चुकवत होते, आणि मी त्यांची. घरी रोज आठ वाजता वाटीत खोटी गोळी ठेवायची आणि यजमानांच्या ओठांचा रंग बघायचा. ते जिना चढत असले की मी दारात उभी राहून पायऱ्या मोजायचे. सातवी पायरी ओलांडली की श्वास सोडायचे. एकदा ते म्हणाले, "तू हल्ली माझ्याकडे तपासनिसासारखी बघतेस." मी हसून वेळ मारून नेली.

५

पुढच्या गुरुवारी मी पहाटे उठून वाटीत गोळी ठेवली आणि सात वाजता रुग्णालयात पोचले. खोलीचं दार लोटून घेतलं. सव्वीस नंबरची पट्टी समोर ठेवली आणि मी खाटेवर बसले.

एकट्या माणसाला ईसीजी काढायचा असेल तर तो स्वतःचाच काढावा लागेल. मी कोटाची बटणं सोडली. मुद्दाम विचार केला नाही, घाईघाईने हातांना जे येतं ते करू दिलं. लाल डाव्या हाताला. पिवळी उजव्या हाताला. सहा बल्ब मधून उजवीकडे. आडवी झाले आणि हात लांबवून कळ दाबली.

पट्टी बाहेर आली. यंत्राने वर छापलं होतं, 'हृदय उजव्या बाजूला असण्याची शक्यता.'

 समोरच्या माणसासाठी शिकवलेला नियम मी स्वतःच्या अंगावर चालवला होता, आणि आरशात दिसावं तसं सगळं उलटं झालं होतं. जगातला दुसरा कुठलाही तंत्रज्ञ रुग्णाची उजवी-डावी बघतो, स्वतःच्या अंगावर तो ही चूक करणार नाही. ही चूक फक्त माझ्या हाताखाली शिकलेला माणूस करेल. गोळीमास्तर सुटले, त्यांना लाल कुठली आणि पिवळी कुठली तेही ठाऊक नाही. मोठे डॉक्टर, धांदल आणि टापटीप, तिघे उरले.

वायरी तशाच ठेवून मी कपाटावरचा बिस्किटांचा डबा खाली काढला आणि तिघांच्या पहिल्या पट्ट्या शोधल्या. मग सव्वीस नंबरची पट्टी घेतली, खालची कड वर करून पालथी घातली आणि खिडकीच्या काचेवर धरली. मागून उजेड आला की उलटा आलेख सुलटा दिसतो.

झटक्याचा व्रण कुठेच नव्हता. निरोगी, तरुण हृदय. मोठ्या डॉक्टरांच्या पट्टीत ठोका सरळसोट वर जात होता. धांदलच्याही. पण तिसऱ्या पट्टीत ठोका चढण्याआधी पायथ्याशी एक बारीक उतार होता. काही लोकांच्या हृदयात ठोक्याच्या विजेसाठी जन्मतःच एक जादा वाट असते, त्याची ती खूण. हजारात दोघातिघांना असते. आठ वर्षांपूर्वी हीच खूण दाखवून मी एका मुलीला म्हणाले होते, "घाबरू नकोस गं, तुझं हृदय पायरी चढण्याआधी जरा पदर सावरतं, एवढंच."

काचेवरच्या पट्टीतही तोच उतार होता. मला रडू आलं. इतक्या वर्षांत मी एवढ्या जणांना शिकवलं, पण जिला लेक म्हणावं अशी ती एकच होती.

तेवढ्यात दाराची मूठ फिरली.

६

टापटीप दारात उभी होती. तिने माझ्या छातीवरचे बल्ब पाहिले, काचेवरची पट्टी पाहिली, उघडा डबा पाहिला. मग आत येऊन तिने दार लोटलं. एक क्षण मला तिची भीती वाटली. आठ वर्षांत पहिल्यांदा.

तिने पुढे होऊन माझ्या छातीवरचे बल्ब एकेक करून काढले, जेली पुसली आणि कोट माझ्या खांद्यांवर नीट केला.

"मला वाटलंच होतं, तुम्हाला कळणार," ती म्हणाली.

"का केलंस?"

"सव्वीस गेले तो फोन मी ठेवला आणि नोंद टाइप करायला बसले. तेव्हा तुमचं बोलणं आठवलं. गोळ्या थांबल्या तर मी काय करू, म्हणाला होतात ना?" ती माझ्या कोटाची बटणं लावू लागली. "काका झटक्यानंतर कसे दिसत होते, मी बघितलंय. गोळ्या सुरू झाल्या आणि ते उभे राहिले. मृत्यू वाढले की समिती चाचणी बंद करणार. मग काकांचं काय? वाटलं, एक लपवावा, पुढे बघू. मग अकरा गेले. मग चाळीस. बावन्न नंबरच्या बाई इथेच गेल्या, त्या लपवता आल्या नाहीत."

"आणि सव्वीसचा ईसीजी?"

"फाइलमध्ये पाहिजेच होता. गोळीमास्तरांनी हाक मारली तशी मी कळ सोडली. पट्टी न बघता गठ्ठ्यात सारली. चांगली पट्टी काढायला पुन्हा इथे यायची हिंमतच झाली नाही."

मी खुर्चीत बसले. माझ्या पर्समध्ये नऊ दिवस न घेतलेल्या गोळ्यांची बाटली होती. ज्या गोळ्या चालू राहाव्यात म्हणून हिने तीन मृत्यू गिळले, त्या मी त्याच तीन मृत्यूंना भिऊन बंद केल्या होत्या. 

दारावर टकटक झाली. मोठे डॉक्टर होते. त्यांच्या हातात कागद होता.

"समितीचं पत्र," ते म्हणाले. "चाचणी आजपासून बंद."

टापटीपने डोळे मिटले.

"औषध लोकांना मारतंय म्हणून नाही," ते म्हणाले. "औषध वाचवतंय म्हणून. आपले ते तीन मिळवले आणि आकडा रेषेच्या पलीकडे गेला. तिघेही खोट्या गोळीवर होते. आता सगळ्यांना खरी देणं बंधनकारक आहे."



"वेळेवर कळवले असते तर हेच पत्र दोन महिन्यांपूर्वी आलं असतं," ते सावकाश म्हणाले. मग त्यांनी पत्राबरोबर आलेली खऱ्या-खोट्या गोळ्यांची यादी पाहिली. "बावन्न नंबरच्या बाईही खोट्या गोळीवर होत्या."

टापटीप भिंतीला टेकून खाली बसली.  महिन्यापूर्वी त्या बाईंच्या मुलीला पाणी देणारी तीच होती.

"आणि एकेचाळीस?" मी विचारलं. 

"यजमानांना खरी गोळी आहे, बाई. पहिल्या दिवसापासून. नशीबवान आहात."

७

घरी फोन केला तर घंटा वाजतच राहिली. सोळा घंटा मी मोजल्या. सतराव्या घंटेला त्यांनी उचलला.

"अगं, अंघोळीला गेलो होतो. काय झालं?"

"काही नाही. जिना उतरू नका. मी येते."

रिक्षात मी हाताची मूठ दाताखाली धरली होती. ते दारातच उभे होते. मी आत गेले, बाटली काढून टेबलावर ठेवली आणि सगळं सांगून टाकलं. 

"मला पहिल्याच दिवशी कळलं होतं," ते शेवटी म्हणाले. "खरी गोळी कडू लागते. ही गोडसर होती."

"मग बोलला का नाहीत?"

"तुझे हात बघितले मी त्या दिवशी. वाटलं, हिला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. आणि तुझ्या हातचं मी आजवर काय नाकारलंय? तुझी पहिली पाच वर्षांची आमटीसुद्धा नाही." मग ते गंभीर झाले. "पण रात्री झोपताना रोज भीती वाटायची. छातीवर हात ठेवून झोपायचो."

मी त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडले. त्यांनी गोळी घेतली, कडू तोंड केलं आणि माझ्या केसांवर हात ठेवला.

शुक्रवारी सकाळी त्यांना शेवटच्या तपासणीला घेऊन गेले. टापटीपची खुर्ची रिकामी होती. आदल्या दिवशी तिने सगळं लिहून दिलं होतं, चार पानं, कुठे खाडाखोड नाही. जाताना तिने मला एकच विचारलं होतं, "बाई, बावन्न नंबरच्या मुलीला मी सांगू, की तुम्ही सांगाल?" मी म्हणाले होते, "तूच सांगायचंस. मी बरोबर येईन."

यजमान खाटेवर आडवे झाले. मी वायरी उचलल्या आणि माझे हात थांबले. एकतीस वर्षांत पहिल्यांदा मला लाल कुठे लावायची ते आठवेना. नऊ दिवसांत आत काय झालं असेल, ते कागदावर यायचं होतं.

"लाल तुझ्या डाव्या हाताला," ते छताकडे बघत म्हणाले. "पिवळी उजव्या. घरी झोपेतसुद्धा बडबडतेस, मला पाठ आहे."

मी लावल्या. पट्टी सरकत बाहेर आली. मी ती जुन्या पट्टीशेजारी धरली, ठोका ठोका जुळवला, मग पुन्हा एकदा जुळवला. काही बदललेलं नव्हतं. 

मग मी टापटीपच्या टेबलाशी बसले. तिने टोक काढून ठेवलेल्या पेन्सिली ओळीत होत्या. शेवटच्या भेटीचा कागद मलाच भरायचा होता. त्यात एक रकाना असतो, 'न घेतलेल्या गोळ्या किती? कारण?' तिथे शून्य लिहिलं असतं तर जगात कोणालाही कळलं नसतं. माझे यजमान सोडून, आणि ते कोणाला सांगणार नव्हते.

"घरी जायचं का?" त्यांनी शर्टाची बटणं लावत विचारलं.

"थांबा," मी म्हणाले. "थोडं लिहायचं राहिलंय."

मी लिहिलं, 'नऊ. रुग्णाच्या पत्नीने भीतीपोटी बदलल्या.' खाली स्वतःची सही केली, आणि कागद मोठ्या डॉक्टरांच्या टेबलावर नेऊन ठेवला.